ती, तो, ते

उगमापाशीच भांडण आहे.
एक गाव म्हणतं, आमच्या राजवाड्याजवळच्या कुंडातून;
डोंगरावरचं दुसरं म्हणतं, छे, आमच्या कुरणातल्या झऱ्यातून.
मी दोन्हीकडचं पाणी दोन बाटल्यांत भरून घेतलं.
टपाल वाटणाऱ्या बाईनं पक्ष घेऊ नये.

एकतीस वर्षं टुटलिंगेनच्या चढांवर पिवळी सायकल हाकली,
गावातलं प्रत्येक कुत्रं नावानं ठाऊक.
निरोपाला केक मिळाला आणि तीच सायकल,
ती तशीही भंगारात निघाली होती.
म्हटलं, एकदा तरी दुपारी न परतता
सरळ जाऊन बघू.

इमेंडिंगेनपाशी उन्हाळ्यात नदी बुडते. जमिनीत.
पात्रात नुसते गोटे, मी सायकल हातात धरून चालत गेले.
ते पाणी म्हणे डोंगराच्या पोटातून
भलत्याच समुद्राला जाऊन मिळतं.
चुकीच्या पत्त्यावर.
माझ्या हातून असं दोनदाच झालं.

केल्हाइमपासून बोटींसाठी काठावर पाट्या:
दोन हजार चारशे चौदा. मग तेरा. मग बारा.
ही नदी मुखाकडून मोजतात.
आई पगाराचे दिवस असेच मोजायची,
गेले किती ते नाही, उरले किती.

आमच्या भाषेत ती 'ती'.
ब्रातिस्लावाच्या पुलाखाली तिचा 'तो' झाला.
खोली भाड्यानं देणारी व्लास्ता म्हणाली,
"यंदा शहाण्यासारखा वागतोय,
मागच्या वसंतात रात्री तळघरात शिरला होता."
मला आधी वाटलं, नवऱ्याबद्दल बोलतेय.

हंगेरीत तेही नाही.
तराफ्यावरच्या बोल्डिझारकडे
बायकोला, पोराला, देवाला एकच सर्वनाम.
तिथे तीन दिवस वारा समोरून,
मांड्यांना सोलवटलेलं, ओठांवर माशा,
आणि मी बाई आहे की सामान, कळेना.
ते पायडल मारत होतं, एवढंच.

वुकोवारला पंक्चर.
द्रागुतिननं ट्यूब घमेल्यात बुडवली, बुडबुडे शोधले.
त्याच्या दुकानाच्या भिंतीला भोकं होती, मुठीएवढी.
मी पाहिलं. मी पाहिलेलं त्यानं पाहिलं.
"ती नाही मी बुजवत," म्हणाला.
पैसे मात्र पूर्ण घेतले.

लोखंडी दरवाजाच्या घाटात बोगदेच बोगदे,
मागचा दिवा लावायचा आणि देवाचं नाव घ्यायचं.
पुढे वळणावर स्तामेन्का अंजीर विकत होती, माझ्याच वयाची.
धरणाच्या पाण्याकडे सुरी रोखून म्हणाली,
"तो तिथे माझा वर्ग. तिसरी. खिडकीजवळचा बाक."
घरं वर आणली, थडगी वर आणली,
गल्ल्यांना नवी नावं दिली.
मी विचारलं, आणि जुन्या पत्त्यावरची पत्रं?
तिनं अंजीर कापायचं थांबवलं.
इतक्या वर्षांत हे कुणी विचारलं नसावं.
"येत होती," म्हणाली. "बरीच वर्षं."
अर्धा किलो मागितले होते, एक किलो बांधून दिले.

रोमानियात ती पुन्हा 'ती' झाली, रुंद आणि मातकट,
पलीकडचा काठ म्हणजे नुसती एक रेघ.
आणि कुत्री. सहाशेच्या पाट्यांपाशी एकदम पाच,
एकाचंही नाव माहीत नाही.
धंद्यातलं ज्ञान: पळायचं नाही.
उतरले. सायकल मध्ये धरली. जर्मनमध्ये रागावले.
फाटकातून एक म्हातारी ओरडली,
त्यांच्यावर की माझ्यावर, कोण जाणे,
पण सगळे सहाजण गप्प झालो.

दोन्ही बाटल्या समुद्रात ओतायचा बेत होता.
परवा चाळीस अंशांत, सूर्यफुलांच्या मधल्या त्या रस्त्यावर,
झाडाचं पान दिसेना,
तेव्हा एक पिऊन टाकली.
कोमट होती. जरा शेवाळाची चव.
कुठल्या गावची, ते पाहिलं नाही.